पोळ्याच्या रंगाचं मेंडोलिन

॥ श्री ॥
अकोला, २ मार्च २०२५

चि. जमुना हिस,

अ. उ. आ., वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे आणि माझे कान सोडले तर घरात बिघडलेलं काही नाही. मी फोन उचलत नाही म्हणून तू रागावलीस असं तुझ्या कौशल्यावहिनीकडून कळलं. अगं, उचलत होतो. हॅलोही म्हणत होतो. पण पलीकडून तू बोलतेस की कढईत मोहरी तडतडते, हे समजत नाही. मग मी अंदाजाने हो म्हणतो. मागच्या वेळी अशाच एका होकारावर तू माझ्याकडून तुझ्या देवानंदच्या घराच्या वास्तुशांतीला चांदीचा गणपती कबूल करून घेतलास. तेव्हा आता सगळं कागदावर. कागदाला कान लागत नाहीत.

कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. कापसाच्या जिनातल्या मशिनींनी तीस वर्षं कान खाल्ले, त्याला आता इलाज नाही म्हणाले. आधी बारीक आवाज जातात, मग जाडे. कुकरची शिट्टी गेली. दाराची बेल गेली. तुझ्या वहिनीचा आवाज सगळ्यात शेवटी जाईल, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही, मी आपलं ओळखलं.

म्हणून एक मागणं आहे. बाबांचं मेंडोलिन तुझ्याकडे आहे. कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या पाळण्यावर वाजायची ती चाल बाबांनी बसवली आणि फक्त तुला शिकवली. मलाही शिकवायला घेतलं होतं, पण माझी बोटं पाहून दुसऱ्याच दिवशी मला बैलांकडे पाठवलं. मेंडोलिनचा आवाज बारीक. डॉक्टरांचं खरं मानलं तर तो आता जायच्या रांगेत उभा आहे. तो जायच्या आत मला ती चाल एकदा ऐकायची आहे जमुने. दुसरं काही नको. उन्हाळ्यात ये, मेंडोलिन घेऊन ये, आणि समोर बसून वाजव.

ज्वारीचे पापड आणलेस तर नाही म्हणणार नाही. लोभ आहेच, फक्त तो आता मोठ्याने करावा लागेल.

तुझा,
चंद्रभानदादा


अमरावती, ११ मार्च २०२५

ती. स्व. दादास,

जमुनाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पत्र वाचून आधी रडले आणि मग चांदीच्या गणपतीची आठवण झाली. तो तू कबूल केला आहेस आणि आता लिहूनही दिला आहेस, तेव्हा आता माघार नाही.

येते दादा, नक्की येते. लगेच मेंडोलिन माळ्यावरून काढलं. आठही तारा गंजलेल्या, दोन खुंट्या ढिल्या, आणि पोटात झुरळांचं बिऱ्हाड. आत एक कागद चिकटवलेला असायचा ना, ज्यावर बनवणाऱ्याचं नाव होतं, तो झुरळांनी खाल्ला आहे. कडेचं एक छापील फूल तेवढं उरलं आहे. तारा बदलायला म्हणून मी ते इतवाऱ्यात हुसेनभाईंकडे नेलं. हार्मोनियम दुरुस्त करतात ते. हार्मोनियमवर घर चालत नाही म्हणून कुकर आणि शेगड्याही करतात.

हुसेनभाईंनी मोबाइलचा टॉर्च लावून आत पाहिलं, नंतर दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं आणि मला हळूच म्हणाले की बाई, ही चीज इटलीची हाय, याले तार लावाचं पाप माह्या हातून होनार नाही. मी म्हटलं, अहो, तारा लावायलाच तर आणलं आहे. तर म्हणाले की मालूम नसलेल्या कारागिराच्या चीजेले हात लावला आन् उद्या ते लाखमोलाची निघाली तर लोक मले काय म्हनतीन. मग त्यांनी विचारलं की हे वडिलांकडे आलं कुठून. बाबांना ते एका सर्कसवाल्याने दिलं, ती गोष्ट मी सांगितली. बाबांनी मला तीच सांगितली होती. हुसेनभाईंनी कानाला हात लावले आणि ते जुन्या लुंगीत गुंडाळून परत दिलं. पैसे घेतले नाहीत. कुकरचं रबर मात्र बदलून दिलं.

दुसरं कोणी सापडतं का पाहते. तू काळजी करू नकोस, आणि कानात तेल घालत जाऊ नकोस, वहिनीने सांगितलं मला. धाकट्या बहिणीवर माया ठेवतोस तशीच तिच्या शब्दावरही ठेव.

तुझी,
जमुना


अकोला, २० मार्च २०२५

चि. जमुना हिस अ. उ. आ.

कार्डावर जागा कमी, म्हणून मुद्द्याचं. सर्कसवाल्याची गोष्ट तुला सांगितली होती का? मला बाबांनी सांगितलं होतं की कुस्तीत जिंकलं. आपल्या चांदूर बाजारात त्यांनी निम्म्या गावाला सांगितलं होतं की एका गोऱ्या साहेबाने तापात बडबडताना देऊन टाकलं. बाबांना कुस्ती येत नव्हती आणि साहेब गेले तेव्हा ते लंगोटीत होते. तेव्हा इटलीचं असो की आपल्या इंझोरीचं, हुसेनभाईंना म्हणावं तारा लावा. मला त्याचं गाव ऐकायचं नाही, आवाज ऐकायचा आहे.

ता. क. वहिनी म्हणते की तेल मीच घातलं होतं, यांना बोलू नका.

पापडासह वाट पाहणारा,
दादा


अमरावती, ६ एप्रिल २०२५

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि.

आज रामनवमी. सुंठवडा वाटून झाला आणि लिहायला बसले. दादा, इकडे जरा गडबड झाली आहे. तू पाणी पिऊन घे, मग वाच.

हुसेनभाई काय म्हणाले ते मी जेवताना देवानंदला सांगितलं. सांगायला नको होतं. तुझा भाचा कॉमर्सचा प्राध्यापक आहे आणि त्याला गेले काही महिने शिकवायला वर्ग मिळालेला नाही. त्याने मेंडोलिनचे फोटो काढून कुठे कुठे पाठवले, आणि नागपूरहून कुंदन नावाचे एक गृहस्थ आले. जुन्या वस्तूंचे पारखी आहेत. डोळ्याला लावायचं छोटं भिंग घेऊन आले होते. मेंडोलिन पलंगावर ठेवून ते दुपारभर त्याच्याभोवती फिरले. चहा तीनदा झाला. शेवटी त्यांनी सांगितलं की मेंडोलिनचा लाल रंग जगात दुसरीकडे कुठे दिसत नाही. थरावर थर आहेत आणि प्रत्येक थर वेगळ्या वर्षीचा. असा रंग देणारा कारागीर कोणत्याही पुस्तकात नाही, म्हणजेच तो फार मोठा असला पाहिजे. मी विचारलं की पुस्तकात नाही तर मोठा कसा? ते माझ्याकडे दयेने पाहून हसले. देवानंदही हसला.

त्यांनी किंमत सांगितली ती मी लिहीत नाही, कारण दर आठवड्याला ती बदलते आणि बदलायचं निमित्त दर वेळी एकच असतं, की अजून काहीच कळलेलं नाही. जितकं कमी कळेल तितकी जास्त.

आता नियम ऐक. मेंडोलिनला तारा लावायच्या नाहीत, ताणाने मान मोडेल. बोटांनी धरायचं नाही, घाम लागेल. आणि अमरावतीच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड तडकेल म्हणून त्याला गारवा लागतो. तेव्हा घरातला एकुलता एक कूलर आता मेंडोलिनसमोर आहे. ते देवानंदच्या खोलीत पलंगावर, उशीवर मान टेकून झोपतं. वाळ्याच्या ताट्यांवर दिवसातून तीन वेळा पाणी सोडायचं काम प्रणालीकडे आहे. बिचारी सून मला म्हणाली की आई, लग्न झाल्यापासून माझी कोणी एवढी काळजी घेतली नाही. आम्ही तिघं गच्चीवर झोपतो.

समोरच्या जाईबाई परवा दर्शनाला आल्या. हो, दर्शनालाच. हळदकुंकू वाहायला लागल्या तर देवानंद ओरडला की रंगाला लागेल. मग त्यांनी उशीला वाहिलं. नारळ फोडू का विचारत होत्या. मुलाची नोकरी लागावी म्हणून नवस बोलून गेल्या आहेत.

दादा, मला माहीत आहे तू काय म्हणशील. मी देवानंदला रोज सांगते की मामाचे कान थांबणार नाहीत. तो म्हणतो की आई, थोडा धीर धर, मामांना आपण कानाचं मशीन घेऊन देऊ, सगळ्यात महागातलं. त्याच्या मनात वाईट नाही. पण तो ऐकत नाही, आणि तुझ्यासारखी त्याला काही सबब नाही.

माझ्या हाती जे नाही त्याचा राग माझ्यावर धरू नकोस, बाकी कितीही धर.

तुझी,
जमुना


अकोला, १४ एप्रिल २०२५

चि. जमुना हिस,

अ. उ. आ., वि. वि.

तुझं पत्र मी कौशल्याला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणजे किती मोठ्याने ते मला माहीत नाही, पण शेजारचे लोक कुंपणाशी येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

अगं खुळे, त्या लाल रंगाचं तू काहीच बोलली नाहीस? विसरलीस का? पोळ्याच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात हिऱ्या-चिंत्याची शिंगं रंगवायचो. लाल वार्निश, बाजारातून आणलेलं, पत्र्याच्या डब्यातलं. शिंगं झाली की डब्याच्या तळाशी जे उरायचं ते बाबा मेंडोलिनला लावायला सांगायचे. म्हणायचे की बैल वावरात राबतात, हे लग्नात राबते, याचा बी पोळा झाला पायजे. शिंगाचाच ब्रश, शिंगाचाच हात. तू त्याला बेगड चिकटवायचीस आणि पुरणपोळीचा घास दाखवायचीस. त्याला झूल शिवायची म्हणून आईचं परकराचं कापड कापलंस आणि मार मला बसला. प्रत्येक थर वेगळ्या वर्षीचा आहे हे तुझ्या कुंदनजींनी बरोबर ओळखलं. पारखी आहेत खरे.

तेव्हा देवानंदला हे वाचून दाखव. ते इटलीचं नाही, ते आमच्या गोठ्यातलं आहे. लाकूड कोणाचं ते मला ठाऊक नाही, पण रंग माझा आहे. कूलर प्रणालीच्या अंगावर फिरवा आणि तारा लावा.

आणखी एक लिहितो, पण मनाला लावून घेऊ नकोस. परवा सकाळी मी सहज म्हणालो की यंदा लिंबावर कोकीळ आली नाही. वहिनी चहा गाळत होती. ती नुसती गाळत राहिली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की कोकीळ आलेली आहे. मला त्या दिवशी जरा भीती वाटली जमुने.

तेव्हा लोभ असू दे, आणि तो पावसाळ्यापर्यंत लांबवू नको.

तुझा,
दादा


अमरावती, २७ एप्रिल २०२५

ती. स्व. मामांस,

देवानंदचा सा. न. वि. वि.

आपलं पत्र आईने मला वाचून दाखवलं. मी ते लगेच कुंदनजींना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी ते मला परत पहिल्यापासून वाचायला लावलं. नंतर त्यांचा आवाज भरून आला. मामा, आपल्याला कल्पना नाही आपण काय लिहिलं आहे.

इटलीतली वाद्यं इटलीत ढिगाने आहेत. परंतु पोळ्याला बैलांबरोबर रंगवलेलं, नैवेद्य दाखवलेलं वाद्य जगात एकच आहे आणि ते आमच्या पलंगावर आहे. किंमत आता मागच्यापेक्षा कितीतरी वर गेली आहे. शिवाय इतके दिवस 'कारागीर अज्ञात' असं लिहावं लागत होतं, ती अडचण दूर झाली. कुंदनजींच्या मते वाद्याची खरी ओळख त्याच्या रंगात आहे आणि रंग आपला आहे. त्यामुळे कागदोपत्री कारागीर म्हणून आपलं नाव घातलं आहे : 'चंद्रभान, चांदूर बाजार घराणे'. घराण्यात सध्या आपण एकटेच आहात. अभिनंदन.

आता थोडं नाजूक विचारायचं आहे. आपली प्रकृती कशी आहे? कुंदनजींनी आपुलकीने चौकशी केली. कारागीर हयात असेपर्यंत वस्तूची किंमत एका हद्दीपर्यंतच चढते, हा बाजाराचा नियम आहे, आपण गैरसमज करून घेऊ नये. त्यांना फक्त अंदाज हवा आहे. रक्तदाब आणि साखरेचे अलीकडचे रिपोर्ट असल्यास झेरॉक्स पाठवावी. आपण शंभर वर्षं जगावं हीच आम्हा सर्वांची इच्छा, मात्र तसं असेल तर तेही आधी कळवावं म्हणजे त्याप्रमाणे धोरण ठरवता येईल.

मामींना नमस्कार. आपल्या आशीर्वादाची अपेक्षा आहे, आणि रिपोर्टचीही.

आपला भाचा,
देवानंद


अकोला, ३ मे २०२५

चि. देवानंद यास आशीर्वाद.

साखर उत्तम. रक्तदाब उत्तम होता, तुझं पत्र आल्यावर थोडा चढला, आता परत उतरला. कुंदनजींना कळव की त्यांना थांबावं लागेल. आमच्या घराण्यात लवकर जायची पद्धत नाही, आणि घराण्याची पद्धत आता मीच ठरवतो.

मी कारागीर आहे हे तू लेखी दिलंस, बरं झालं. आता कारागिराचं ऐक. हे वाद्य मी अजून पसंत केलेलं नाही. साधा माठ घेतानासुद्धा आपण टिचकी मारून पाहतो. वाजवून न पाहिलेली वस्तू मी माझ्या नावाने बाजारात जाऊ देणार नाही, आणि गेली तर मीच नागपूरला जाऊन सगळ्यांना सांगेन की ही नकली आहे. खुद्द कारागीर सांगतो म्हटल्यावर कुंदनजी काय करतील ते त्यांनी पाहावं.

सोबत हुसेनभाईंच्या नावाने माझ्या सहीची चिठ्ठी आहे. कारागिराची परवानगी आहे, तारा लावा, पाप लागलं तर अकोल्याच्या पत्त्यावर पाठवा, असं लिहिलं आहे. तारा लावल्या की मेंडोलिन अकोल्याला घेऊन या. वाजवणारी तुझी आई. कूलर आणू नको, आमच्याकडे आहे.

आशीर्वाद पुरेसे पाठवले आहेत, जपून वापर.

तुझा मामा,
चंद्रभान


अमरावती, १९ मे २०२५

ती. स्व. दादास,

शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. मूर्तिजापूरपाशी देवानंदने गाडी थांबवून मेंडोलिन मागच्या सीटवर दुसऱ्या बाजूला ठेवलं, कारण त्याच्यावर ऊन येत होतं. येतानाही तसंच, जातानाही तसंच. आता त्याची काही गरज उरली नाही हे मी त्याला सांगितलं, पण सवय लागली आहे.

तू गव्हाच्या कोठीत होतास त्या वेळी बाहेर काय चाललं होतं ते तुला कोणी नीट सांगितलं नसेल. म्हणून सगळं लिहिते. शेवटी एक प्रश्न आहे, तो टाळू नकोस.

आधी मी ओसरीवर तुझ्यासमोर बसून वाजवलं ना, हुसेनभाईंनी चिठ्ठी डोळ्यांना लावून बसवलेल्या त्या नव्या तारांवर. तू डोळे मिटून मान डोलावत होतास. मला वाटलं, पोचलं बाई. देवानंद मोबाइलवर तुझं चित्र घेत होता. आमच्यासोबत आलेले कुंदनजी तुझ्या बोटांचं माप घेत होते. आणि मी चाल संपवली, हात खाली ठेवले, आणि तू मान डोलावतच राहिलास. दादा, तेव्हा मला कळलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. वहिनीच्या आलं.

म्हणूनच ती तडक उठली. तुझ्याशी काही न बोलता तुला दंडाला धरून न्हाणीमागच्या पडवीत घेऊन गेली, जिथे गव्हाची पत्र्याची कोठी रिकामी करून, तळाशी कडुलिंबाचा पाला टाकून ठेवली होती. मला म्हणाली की मी काल या कोठीवर लाटण्यानं दोन हानले तर हे तिकडच्या खोलीतून ओरडले की दारावर कोन हाय पाहा, तवा हे आतनी बसतीन आन् तुमी वर वाजवा. कुंदनजींनी विचारलं की कारागीर कोठीत का जात आहेत. वहिनीने सांगितलं की आमच्या घराण्यात असंच तपासतात. त्यांनी ते टिपून घेतलं.

तुला आत उतरवणं सोपं नव्हतं. स्टूल, मग पिंप, मग देवानंदचा खांदा. तुझं एक पाऊल त्याच्या खिशात गेलं. झाकण लावल्यावर मी मेंडोलिनचं पोट पत्र्यावर टेकवलं आणि वाजवायला लागले. आणि दादा, सगळी कोठी बोलायला लागली. खाली पालथी घातलेली ताटंसुद्धा थरथरत होती. मी तशीच वाजवत राहिले, कारण तू आत आहेस हे मला माहीत होतं आणि तुला मान डोलावून मला फसवता येणार नव्हतं.

तेवढ्यात रंग सुटायला लागला. पत्र्याच्या थरथरीने तुझे पोळे एकेक करून निघाले, चांगले तळहाताएवढे पोपडे. कुंदनजींनी किंकाळी फोडली. मी थांबले नाही. पोपडे झेलायला ते दोन्ही हात पुढे करून कोठीभोवती धावत होते. देवानंद धोतराचा सोगा पसरावा तसा शर्ट पसरून त्यांच्या मागे. वहिनीने त्यांना शेवयांची चाळणी दिली. शेजारची मंडळी कुंपणावर. मी चाल पुरी केली, मग परत पहिल्यापासून वाजवली, कारण आतून काही आवाज आला नाही आणि थांबायचं कधी ते ठरलं नव्हतं.

झाकण काढलं तेव्हा मेंडोलिन अर्धं पांढरं झालं होतं. खाली साधं लाकूड. नाव नाही, गाव नाही, काही नाही. कुंदनजींनी पोपडे प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि म्हणाले की किंमत सगळी रंगात होती, आता हे नुसतं मेंडोलिन आहे. पिशवी मात्र ते घेऊन गेले. देवानंद दोन दिवस जेवला नाही. काल प्रणालीने कूलर परत बैठकीत आणला, तेव्हा तो त्याच्यासमोर गाढ झोपला आणि उठून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. हुसेनभाईंना दाखवलं. ते म्हणाले की याचा आवाज आता मोकळा झाला, मी पह्यलेच सांगत होतो. असं त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं.

आता प्रश्न. तू कोठीतून निघालास तेव्हा तुझ्या केसांत गव्हाचा भुसा आणि कडुलिंबाचा पाला होता. माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि पाणी मागितलंस. नंतर जेवताना म्हणालास, छान वाजवलंस. ओसरीवरही तू तसंच म्हणणार होतास. म्हणून विचारते, दादा, तुला ऐकू आलं का? माझ्या समाधानासाठी हो लिहू नकोस. नसेल आलं तर नाही लिही. मी पुन्हा येईन, दुसरं काही करून पाहू. पण खरं लिही.

माया कमी करू नकोस, मग उत्तर काहीही असो.

तुझी,
जमुना


अकोला, २५ मे २०२५

चि. जमुना हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद, विनंती विशेष. आज सगळं पूर्ण लिहितो, आखडून नाही.

ओसरीवर मला काही ऐकू आलं नाही. सुरुवातीला तुझी बोटं दिसत होती, म्हणून मान हलवली. तू इतक्या उन्हात आलीस, नाही कसं म्हणणार? मग तू हात खाली ठेवलेस ते मी डोळे मिटल्यामुळे पाहिलं नाही. पकडला गेलो.

आता कोठीतलं. आत काळोख, लिंबाचा वास, आणि गुडघे कानाशी. मला वाटत होतं की कौशल्याने माझी चांगली फजिती केली, आता लोक कायम हसणार. मग तू वाजवायला लागलीस. सुरुवातीला नुसतं पाठीला कळलं, पत्रा थरथरतो तेवढं. मी पाठ सोडून कान टेकवला, डावा, जरा बरा आहे तो. तर काहीतरी होतं. तीच चाल आहे की मीच आठवून बसवतो आहे, हे ठरेना. माणूस अंधारात बसला की त्याला पाहिजे ते ऐकू येतं, हे मलाही कळतं. म्हणून मी आतून आवाज दिला नाही. तुला नको आहे तसं खोटं हो मलाही म्हणायचं नव्हतं.

मग पाळणा वर चढतो ती ओळ आली. बाबा वाजवायचे ती ओळ मला पाठ आहे. पाळणा सरळ वर जातो, टोकाला जरा थांबतो आणि उतरतो. पण पत्र्यातून जे आलं ते तसं नव्हतं. ते वर चढताना मध्येच अडखळलं, एक पायरी मागे आलं, आणि मग घाईघाईने वर गेलं. जमुने, असं बाबांनी कधी वाजवलं नाही. असं फक्त तू वाजवायचीस. फ्रॉक घालून गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचीस, रोज त्याच जागी चुकायचीस, आणि बाबा आतून ओरडायचे की पोरगी पाळन्यातून पडली पाहा. हे मी साफ विसरलो होतो. मला आठवत होती ती चाल बरोबर होती. चुकलेली चाल माझ्या डोक्यात नव्हतीच, ती बाहेरूनच आली.

तू दुसऱ्यांदा पहिल्यापासून घेतलीस तेव्हा मी त्या जागेची वाट पाहत बसलो. तू पुन्हा तिथेच चुकलीस. मी आत मोठ्याने हसलो आणि थोडा रडलोही. तुम्हाला ते ऐकू गेलं नाही, कारण तेव्हा कुंदनजी ओरडत होते असं तुझ्याच पत्रावरून कळतं.

तेव्हा उत्तर असं : हो, ऐकू आलं.

मेंडोलिनला परत रंग देऊ नका, आणि त्याचा मालक कोण, कारागीर कोण, हे यापुढे कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा. मला ऐकू येणार नाही. कौशल्याने कोठीत अजून गहू भरलेला नाही. भरायला झाला आहे, पण ती म्हणते की नणंदबाई आनखी एकदा येऊन जाऊ द्या, मंग भरू. तर ये. आणि येण्याआधी बसून ती ओळ सुधारू नकोस. तू नीट वाजवलंस तर मला कळणार नाही की तू वाजवते आहेस.

लोभ आहे, आणि तो पत्र्यातूनही ऐकू येतो.

तुझा,
चंद्रभानदादा